खेळणं तुटेल कसं, ते आधी बघा

ताई,
माझी मुलगी १४ महिन्यांची आहे, मुलगा ५ वर्षांचा. मागच्या महिन्यात प्लास्टिकबद्दल एक लेख वाचला आणि इतकी घाबरले की एका रात्रीत घरातली सगळी प्लास्टिकची खेळणी दोन पोत्यांत भरली. त्यांच्या जागी लाकडी खेळणी मागवली. खोक्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'नैसर्गिक' आणि 'बिनविषारी' लिहिलं होतं. आठवडाभरात त्यातल्या एका गाडीचा लाल रंग मुलीच्या ओठांना लागलेला दिसला. आता नवरा म्हणतो, पोती परत उघड. मुलगा त्याच्या ठोकळ्यांसाठी रोज रडतो. त्यात सासूबाईंनी नवऱ्याच्या लहानपणीचा रंगीत लाकडी घोडा माळ्यावरून काढून दिलाय. काय ठेवू, काय टाकू आणि यापुढे काही घ्यायचं तर काय बघून घेऊ?
– दोन पोत्यांची आई

प्रिय दोन पोत्यांच्या आई,

पोती अजून दारात असतील तर ती बाहेर जाऊ देऊ नका. नवरा बरोबर म्हणतोय. निदान अर्ध्या पोत्यापुरता तरी. मुलाचे ठोकळे आज रात्रीच त्याला परत द्या. कडक, गुळगुळीत, न चिरलेले ठोकळे हे प्लास्टिकच्या खेळण्यांतलं सगळ्यात कमी काळजीचं काम. आणि पर्यावरणाचं म्हणाल तर ते प्लास्टिक बनवायला जे तेल आणि वीज लागायची ती लागून गेली. ठोकळे कचऱ्यात टाकल्याने त्यातलं काही परत मिळत नाही. उलट त्या जागी नवीन लाकडी संच आला की खर्च दुप्पट, म्हणजे पृथ्वीचाही दुप्पट.

तुमची चूक फार मोठी नाही, सगळेच ती करतात. तुम्ही विचारलंत, "हे कशाचं आहे?" मी गेली कित्येक वर्षं आधी दुसराच प्रश्न विचारते: हे तुटेल कसं? कुठून तुटेल, तुटल्यावर हातात काय येईल आणि ते जोडता येईल का? हा प्रश्न मला एका कापडी अस्वलाने शिकवला. चांगलं सुती कापड, आत कापूस, नैसर्गिकच नैसर्गिक. माझ्या भाचीने ते तोंडात धरून ओढलं आणि अस्वलाचा डोळा तिच्या जिभेवर आला. वाटाण्याएवढा, गोल, गुळगुळीत. अस्वल कशाचं आहे याला त्या क्षणी काही अर्थ नव्हता; डोळा शिवलेला नव्हता, चिकटवलेला होता, एवढंच खरं. सुरक्षितता आणि पर्यावरण हे दोन वेगळे विषय वाटतात, पण तुटण्याच्या जागी ते एकत्र येतात. लवकर तुटणारं खेळणं मुलासाठी धोका असतं आणि दुसऱ्या दिवशी कचरा असतं.

आता ती लाल गाडी. मुलीच्या हातातून काढा, आजच. रंग सुटला म्हणजे त्यात शिसं आहेच असं नाही. पण तोंडात घालायच्या वयाच्या मुलांच्या खेळण्याचा रंग लाळेने सुटत असेल तर बनवणाऱ्याने कामात काटछाट केलीय हे नक्की, आणि एका ठिकाणी काटछाट करणारा दुसऱ्या ठिकाणीही करतो. ती गाडी बरेच दिवस चघळत होती असं वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. रक्तातलं शिसं मोजायची चाचणी सोपी असते. घरी पट्टी घासून शिसं ओळखायचे जे संच मिळतात त्यांच्यावर विसंबू नका; अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ते तपासले तेव्हा ते भरवशाचे ठरले नव्हते.

शिशाबद्दल मी इतकी कडक का, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही. ते लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि बाहेरून काही दिसत नाही. २००७ साली जगातल्या एका सर्वांत मोठ्या खेळणी कंपनीला रंगात शिसं सापडल्यामुळे लाखो खेळणी परत मागवावी लागली होती. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला आणि रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ६०० भागांवरून ९० भागांवर आली. थोडक्यात, एवढी मोठी कंपनी चुकू शकते, तर खोक्यावर हिरव्या अक्षरांत 'बिनविषारी' छापणारा अनोळखी विक्रेताही चुकू शकतो. 'नैसर्गिक' छापायला शाईशिवाय काही लागत नाही.

लाकूड वाईट नाही. माझंही मन लाकडाकडेच जातं. पण 'लाकडी' या एका शब्दात बरंच काही लपतं. भुसा आणि डिंकवजा रसायन दाबून केलेला फळीचा तुकडाही लाकडीच म्हणून विकला जातो, आणि त्या चिकट रसायनातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू हळूहळू हवेत सुटत राहतो. खेळण्याची कड बघा: आतपर्यंत एकसारख्या रेषा गेल्या असतील तर अखंड लाकूड, थरावर थर दिसले किंवा बिस्किटासारखा भुगा दिसला तर नाही. बीच, मेपल, बर्च ही घट्ट लाकडं चांगली, कुसळं कमी निघतात. रबराच्या झाडाचं लाकूडही छान, कारण चीक देऊन म्हातारं झालेलं झाड तसंही तोडायचंच असतं. वर रंग नसेल, फक्त मेण किंवा तेल लावलेलं असेल तर लहानग्यांसाठी उत्तम. (तेल अक्रोडाचं असेल आणि घरात कुणाला त्याची ॲलर्जी असेल तर मात्र विचारून घ्या.)

बांबूबद्दल एक वेगळा इशारा. 'बांबूची' म्हणून मिळणारी मुलांची ताटं, पेले, भातुकलीची भांडी बऱ्याचदा मेलामाइन नावाच्या प्लास्टिकची असतात, त्यात बांबूची पूड फक्त मिसळलेली. युरोपात २०२१ साली अशा भांड्यांविरुद्ध मोहीमच काढावी लागली, कारण गरम पदार्थ घातला की त्यातून रसायनं उतरतात. मुलं भातुकलीच्या पेल्यातून खरंच पाणी पितात, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'मक्यापासून बनलेलं, मातीत मिसळणारं' प्लास्टिकही असंच. ते मातीत मिसळतं, पण साठ अंशांच्या आसपास तापलेल्या औद्योगिक खतप्रकल्पात. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे कोडं सुटलेलं नाही. ठोकळ्यांसाठी जगभर माहीत असलेल्या लेगोने २०२१ मध्ये जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा ठोकळा बनवून दाखवला आणि २०२३ मध्ये तो बेत सोडून दिला, कारण त्यासाठी कारखाने बदलायचे म्हटल्यावर कार्बन उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढणार होतं. त्यांचा जुना ठोकळा तेलापासून बनतो हे खरं, पण १९५८ च्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्याला अजून बसतो. तीन पिढ्या खेळतील असं प्लास्टिक आणि तीन आठवड्यांत चाक निखळेल असं लाकूड समोर ठेवलं तर मी प्लास्टिक उचलेन. अर्थात हेच प्लास्टिक समुद्रात गेलं तर तिथेही तितकंच टिकतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी किनाऱ्यावर वाहून आलेले जुने ठोकळे तपासून अंदाज बांधला, की ते पाण्यात १०० ते १,३०० वर्षं राहू शकतात. म्हणून ते टाकायचे नाहीत, पुढच्या मुलाला द्यायचे.

मग पोत्यांतलं काय ठेवायचं? पोतं जमिनीवर रिकामं करा आणि डोळ्यांपेक्षा नाक आणि बोटं वापरा. जे मऊ, रबरासारखं, हाताला किंचित चिकट लागतं आणि ज्याला नव्या पावसाळी बुटांसारखा वास येतो, ते बाजूला काढा. ते बहुधा पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं. तळाशी त्रिकोणात ३ आकडा असेल तर नक्कीच. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला थॅलेट्स नावाची रसायनं घालतात. ती प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, चघळलं की लाळेत उतरतात आणि शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. युरोपाने १९९९ मध्ये त्यांच्यावर तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची मर्यादा घातली, ०.१ टक्का. नवं, नीट तपासलेलं मऊ खेळणं या मर्यादेत असतं. कुणी दिलेली, नावगाव नसलेली बाहुली असेलच असं नाही.

दुसरा ढीग जुन्या रंगीत प्लास्टिकचा. त्याच प्लिमथ विद्यापीठात २०१८ मध्ये घरांतून, पाळणाघरांतून आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून जमवलेली २०० प्लास्टिकची खेळणी तपासली होती. लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांच्या जुन्या खेळण्यांत कॅडमियम, शिसं, क्रोमियम असे जड धातू बऱ्याचदा सापडले. म्हणून पूर्वीच्या पिढीचं, झिजलेलं, भडक रंगाचं प्लास्टिक १४ महिन्यांच्या मुलीला नको. पाच वर्षांच्या मुलाचं, तुम्हीच विकत घेतलेलं, धड असलेलं प्लास्टिक ठेवा. न्हाणीघरातली पिळून पाणी उडवणारी बदकं मात्र मी एकदा कापून बघायला सांगेन. आतला बुरशीचा काळा थर बघितल्यावर पुढचं काही सांगावं लागणार नाही. त्याऐवजी भोक नसलेलं, भरीव तरंगणारं खेळणं घ्या.

इथपर्यंत सगळं विषाचं झालं, कारण तुम्ही तेच विचारलंत. पण खरं सांगू? तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धास्ती रंगाची वाटली नाही. घरात एक १४ महिन्यांची आणि एक ५ वर्षांचा आहे, याची वाटली. रसायनं हळूहळू काम करतात, घशात अडकलेला मणी काही मिनिटांत. आणि मोठ्या भावाचं खेळणं हे धाकट्या बहिणीसाठी कायम जास्त आकर्षक असतं.

खेळण्यांवर एक खूण असते, लाल वर्तुळात बाळाचा चेहरा, ० ते ३ आकडे आणि त्यावर तिरकी रेघ. ही खूण बुद्धीची नाही. "आमची हुशार आहे, तिला जमतं" म्हणून तिच्याकडे काणाडोळा करणारे आईबाप मी पुष्कळ पाहिलेत. ती खूण सांगते की यात घशात जाईल असा तुकडा आहे. तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यासाठी ३१.७ मिलिमीटर रुंदीची नळी असते. तुकडा त्या नळीत पूर्ण मावला तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नापास. घरी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतला पुठ्ठ्याचा नळा वापरा. तो थोडा मोठा असतो, म्हणजे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूला होते. मुलाच्या खेळण्यांतलं जे जे त्यातून आरपार पडेल ते झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा टेबलावर, जमिनीवर नाही. ओढायच्या गाडीची दोरी एका वितीपेक्षा लांब असेल तर कापा.

चार वस्तू मात्र मी डब्यातही ठेवणार नाही. पहिली बटण-सेल. गाणारी पुस्तकं, चमकणारे चेंडू, छोटे रिमोट यांत तो असतो. २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. खेळणं चालत नाही म्हणून काढलेला 'संपलेला' सेलसुद्धा हे करू शकतो. ज्याचं झाकण स्क्रूने बंद नाही ते खेळणं घरात नको, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ रुग्णालय गाठा. दुसरी वस्तू ते चिमुकले ताकदवान लोहचुंबक. एक गिळला तर कदाचित निघून जातो, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधलं आतडं मरतं. तिसरी, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. पोटात गेल्यावरही ते फुगतच राहतात, आतडं बंद करतात आणि एक्स-रेत सहसा दिसत नाहीत. चौथी वस्तू ऐकून आश्चर्य वाटेल, फुगा. लहान मुलांचा जीव घुसमटवणाऱ्या खेळण्यांत फुटक्या फुग्याच्या तुकड्यांचा क्रमांक फार वरचा आहे. रबराचा पातळ तुकडा घशावर चिकटला की तिथेच घट्ट बसतो. आणि तो रबर, बरं का, बहुधा नैसर्गिकच असतो.

यापुढे विकत घेताना खुणा बघाव्यात का? बघा, पण त्या काय सांगतात तेवढंच ऐका. ईएन ७१, एएसटीएम एफ९६३, आयएसओ ८१२४ हे खेळण्यांच्या सुरक्षेचे मानक आहेत; त्यांचा उल्लेख असणं चांगलं. सीई ही युरोपातली खूण बहुतेक खेळण्यांवर बनवणारा स्वतःच लावतो, ते त्याचं आश्वासन असतं, कुणी तिसऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र नव्हे. एफएससीची खूण लाकूड कुठल्या जंगलातून आलं ते सांगते, वरच्या रंगाबद्दल चकार शब्द काढत नाही. मी स्वतः आणखी एक साधी गोष्ट बघते: खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि तुकडीचा क्रमांक आहे का. उद्या काही दोष निघाला तर ज्याला खेळणं परत मागवायची सोय ठेवायची आहे तोच हे छापतो. मग चाक ओढून बघते, डोळा पिळून बघते, शिवण ताणून बघते. दुकानदार रागावतात. रागावू देत.

आणि कमी घ्या. हे कंजूषपणाने म्हणत नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना आळीपाळीने ४ आणि १६ खेळण्यांसोबत खेळू दिलं, तर चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्या दोन पोत्यांतलं जे पास होईल त्याचे चार भाग करा आणि दर दोन आठवड्यांनी एक भाग बाहेर काढा. माळ्यावरून उतरलेली जुनी गाडी नव्या गाडीइतकीच नवी असते. उसनं घेता आलं तर त्याहून बरं: लॉस एंजलिसमध्ये १९३५ साली, मंदीच्या काळात, ग्रंथालयातून पुस्तकं न्यावीत तशी खेळणी घरी न्यायची सोय सुरू झाली. त्याला कायदा लागत नाही, चार शेजारणी आणि एक वही पुरते. अमेरिकेत खेळण्यांचं एक राष्ट्रीय मानकरी-दालन आहे, तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला मान मिळाला आणि २००८ मध्ये काठीला. तुम्ही मागवलेल्या लाकडी खेळण्यांचं खोकं अजून घरात असेल. पिना आणि चिकटपट्टी काढा, मुलाला द्या.

नापास ढिगाचं काय, तर जाळू नका. पीव्हीसी जळलं की डायऑक्सिनसारखी अतिविषारी द्रव्यं निघतात. सेल काढून ई-कचऱ्यात, बाकीचं साध्या कचऱ्यात. दान तर मुळीच नको. आपल्या मुलीसाठी नापास झालेली बाहुली दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी पास होत नाही. त्या लाल गाडीचं मात्र विक्रेत्याला फोटोसह कळवा आणि पैसे परत मागा.

उरला सासूबाईंचा घोडा. त्या काळच्या रंगात शिसं असण्याची शक्यता खरी आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतलं जास्तीचं शिसं १९७८ पर्यंत चालत होतं, इतरत्र त्यानंतरही. नवऱ्याला उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन त्यावर बसू देऊ नका. घासल्याने शिसं जात नाही, धूळ होऊन सगळ्या घरात पसरतं. ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. सासूबाईंना सांगा की घोडा मानाच्या जागी बसलाय आणि त्याच्या गोष्टी सांगायचं काम त्यांचं. त्या रुसल्याच, तर फळीवर चढवण्याआधी त्यांना घोड्याचे कान दाखवा. तिथे त्यांच्या लेकाच्या दातांच्या खुणा सापडतील अशी माझी अटकळ आहे.

तुमची,
ताई